मोडेम बदलण्याआधी लाईन ऐका

अक्काला विचारा
जून २००१

मागच्या अंकात ‘इंटरनेट सारखं तुटतं’ एवढा एकच प्रश्न घेतला होता, तर या महिन्यात पत्रांचा गठ्ठाच आला. निम्म्याहून जास्त जणांनी मोडेम, म्हणजे कॉम्प्युटरला टेलिफोनच्या तारेतून इंटरनेटशी जोडणारं यंत्र, आधीच बदललाय. काहींनी दोनदा. पत्र लिहायला फक्त पोस्टकार्ड लागतं हो, ते आधी लिहायचं.

नवीन वाचकांसाठी दोन ओळी. मी अठ्ठावीस वर्षं टेलिफोनमध्ये होते. त्यातली सोळा ट्रंक बोर्डावर, कानाला हेडफोन लावून बाहेरगावचे कॉल हातानं जोडत. एसटीडी आली, बोर्ड ओस पडला, मग मला १९८ वर तक्रारी घ्यायला आणि तिथून टेस्ट डेस्कवर, लाईनी तपासायला, बसवलं. कॉम्प्युटर निवृत्तीनंतर शिकले, भाच्याच्या दुकानात. त्यामुळे माझं निदान कानापासून सुरू होतं. भाचा स्क्रीन बघतो, मी रिसीव्हर उचलते.

अक्का, आमचं घर सोलापूरच्या दाजी पेठेत. खाली आठ माग, वर आम्ही राहतो. टॉवेलच्या डिझाइन मुंबईच्या पार्टीला ई-मेलनं पाठवायच्या असतात. इंटरनेट लागतं, पण चार-पाच मिनिटांत तुटतं. रात्री बरं चालतं. दोन मोडेम झाले. आता काय कॉम्प्युटरच बदलू काय? — एक कारखानदार

पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : रात्री बरं चालतं. मोडेम रात्री तोच आणि दिवसाही तोच. बदलतं ते काय? माग.

दाजी पेठ माझ्या वाटेवरच आहे, म्हणून मी येऊन गेले, हे तुम्हाला ठाऊक आहेच. बाकीच्यांसाठी सांगते. कॉम्प्युटरला हात न लावता आधी साधा फोन उचलला. डायल टोन आला. कुठलाही एक आकडा दाबायचा, मी दोनचा दाबते. टोन थांबतो आणि पुढचे काही सेकंद लाईन रिकामी असते. त्या रिकामेपणात काय ऐकू येतं, ते ऐकायचं. बोलायच्या बाजूवर तळहात घट्ट दाबायचा, नाहीतर खोलीतला आवाज तिथून आत शिरतो आणि आपल्याच कानात परत येतो. मागाच्या खोलीवर तर पहिल्यांदा मला नुसता खटखटाटच ऐकू आला.

हात दाबल्यावर दोन आवाज वेगळे झाले. खाली एक सलग ‘घूंऽऽ’ आणि त्याच्यावर मधूनच ‘चर्र, चर्र’, पापड तळताना येतो तसा. मग तुम्ही माग थांबवायला लावले. घूं गेलं. चर्र राहिलं. म्हणजे दुखणी दोन होती. दिवसा दोन्ही मिळून लाईन पाडत होती आणि रात्री एकट्या चरचरीला ते जमत नव्हतं.

चर्र म्हणजे कुठंतरी सैल नाहीतर गंजलेला जोड. भिंतीवरची टेलिफोनची डबी, आमच्या भाषेत रोझेट, उघडली तर आत कापसाचं तूस असं दाबून बसलं होतं की चिमटीनं गादीसारखं निघालं. खालच्या स्क्रूवर हिरवट गंज. तार कापून अर्धा इंच नवीन तांबं काढलं, स्क्रू पॉलिश पेपरनं घासला, आवळला. चर्र बंद. खर्च शून्य. एक सावधगिरी : डबीत हात असताना कुणी फोन केला तर घंटीचं ७५ व्होल्टच्या आसपास एसी बोटाला लागतं. जीव जात नाही, पण स्टुलावरून माणूस पडतो. शेजारच्या घरी जाऊन फोन करणाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

आता घूं. तुमच्या वायरमननं काम फार नीटनेटकं केलं होतं. टेलिफोनची चपटी वायर मोटारींच्या लाईटच्या पाइपला वीस-बावीस फूट अगदी चिकटवून, दर हाताला पट्टी बांधून आणलेली. दिसायला सुरेख, पण मोटारींची गुणगुण त्या तारेत उतरते. तुम्ही सूतवाले, तुम्हाला दुपदरी सुताला पीळ का देतात ते मी सांगायला नको. टेलिफोनच्या तारेलाही पीळ असतो, पण कारण वेगळं. दोन्ही पदर एकमेकांभोवती फिरत राहिले की बाहेरची गुणगुण दोघांवर सारखीच पडते आणि पलीकडच्या टोकाला एकातून दुसरं वजा होऊन जातं. चपट्या वायरीला पीळच नाही, मग वजाबाकी होणार कशी? पीळवाली जम्पर वायर घेतली, पाइपापासून दीड फूट लांब नेली, आणि जिथं पाइप ओलांडावाच लागला तिथं काटकोनात ओलांडला. शिवाय बाहेरच्या मोडेमचा अडॅप्टर यूपीएसवर लावला. सगळे माग एकदम सुरू केले की दिवे डिम होतात, तेव्हा मोडेमलाही झीट येते.

आधी तुमची लाईन २६,४०० वर लागत होती, आता ४५,३३३ वर लागते. हे आकडे वाचायला शिका. ३३,६०० पर्यंतचा आणि २,४०० नं पूर्ण भाग जाणारा आकडा दिसला, २६,४००, ३१,२००, ३३,६००, तर जोडणी जुन्या व्ही.३४ पद्धतीची. त्याच्या वरचा, ४५,३३३ किंवा ४९,३३३ असा तिरपागडा दिसला तर ५६ के ची, म्हणजे व्ही.९० ची. व्ही.९० ला एक्स्चेंजपासून पलीकडं सगळं डिजिटल लागतं आणि तुमच्याकडची तार स्वच्छ लागते. तार घाण झाली की मोडेम मुकाट्यानं व्ही.३४ वर उतरतो. म्हणून खोक्यावर ५६ लिहिलंय आणि मिळतात २६, याचा अर्थ दुकानदारानं फसवलं असा नसतो.

पण एवढं करूनही तुमचा निम्माच प्रश्न सुटला होता. तुम्ही माझ्यासमोर एक डिझाइन पाठवायला घेतली आणि मी फाइलचा आकार बघितला : पंचवीस एमबी! ए-फोर कागद ३०० डीपीआयवर स्कॅन करून बीएमपीमध्ये, म्हणजे आकार न दाबता, ठेवला की एवढंच होणार. त्यात ई-मेलला जोडलेली फाइल वाटेत साधारण तिसऱ्या हिश्शानं फुगते. आणि जाणारा वेग ५६ के मोडेमचासुद्धा फार तर ३३.६, म्हणजे सेकंदाला साडेतीन केबी पकडा. अडीच-पावणेतीन तास! तेवढ्या वेळात रेल्वेत बसून माणूस पुण्याच्या निम्म्या वाटेवर पोचतो. तीच डिझाइन १०० डीपीआय, जेपेगमध्ये ठेवली, दीडशे-दोनशे केबी झाली, मिनिटभरात गेली. पार्टीला रंग नक्की जुळवायचे असतील तर कापडाचा तुकडा कुरियरनं पाठवा. स्क्रीनवरचा मरून आणि सुतावरचा मरून यांची गाठ मी अजून पडलेली बघितली नाही.

माझं कनेक्शन १,१५,२०० वर लागतं असं खाली घड्याळाजवळच्या चित्रावर दिसतं. मित्राचं ४४,००० वरच लागतं. तरी त्याची पानं माझ्याआधी उघडतात. असं कसं? — बी.कॉम.चा विद्यार्थी, विजापूर रोड

ते १,१५,२०० म्हणजे तुझा कॉम्प्युटर आणि तुझा मोडेम आपापसात किती जोरात बोलतात, तो आकडा. घराबाहेर त्याचा संबंध नाही. मोडेम लाईनवर किती वेगानं लागला, हे तो सांगतच नाहीये. त्यासाठी मोडेमच्या जादा सेटिंगमध्ये डब्ल्यू२ घालून बघ, बऱ्याच मोडेमना ते कळतं. नाहीतर मोडेमची लॉग फाइल चालू कर आणि शेवटच्या ओळी वाच. खरा आकडा मित्राच्या खालचा निघेल.

अक्का, मागच्या वेळी ‘नो डायल टोन’, म्हणजे एरर ६८० येत असेल तर एक्स३ घाला असं तुम्ही लिहिलंत. घातलं. इंटरनेट लागलं. पण आता सासूबाई हॉलमध्ये फोनवर बोलत असतात आणि आतून मोडेम त्यांच्या कानात टूं-टूं नंबर फिरवतो. त्यांचा समज झालाय की मी मुद्दाम करते. — एक सून, होटगी रोड

चूक माझी, त्यांना हे पान दाखवा.

अमेरिकेतला डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्‌झ असे दोन सूर मिळून होतो. आपला ४०० चा, त्याला २५ चा कंप दिलेला, म्हणून तो गुरगुरल्यासारखा वाटतो. तिकडच्या सवयीचा मोडेम आपला टोन ओळखत नाही आणि ‘टोनच नाही’ म्हणून बसून राहतो. एक्स३ म्हणजे त्याला सांगणं, टोनची वाट बघू नकोस, सरळ नंबर लाव. तो आंधळेपणानं लावतो. लाईन मेलेली असो की सासूबाई बोलत असोत, त्याला दोन्ही सारखंच. हे मागच्या वेळी लिहायला हवं होतं, राहिलं.

मोडेमच्या सेटिंगमध्ये देशाच्या ठिकाणी भारत निवडता येतो का, आधी ते बघा. निवडता आला आणि टोन ओळखला गेला, तर एक्स३ काढून टाका. नाहीच जमलं तर एक्स३ राहू द्या, पण ‘आपोआप पुन्हा डायल करा’ ही खूण काढा, आणि कनेक्ट दाबण्याआधी हॉलमध्ये डोकावा. उलटही लक्षात ठेवा. तुम्ही इंटरनेटवर असताना त्यांनी पॅरलल फोन उचलला तर तुमची जोडणी तुटते. फिटंफाट.

कॉल वेटिंग घेतलं असेल तर त्याच्या ‘बीप’नंही लाईन पडते. त्याला आणि अशाच क्षणभराच्या खरखरीला एस१०=५० चालतं. दुसऱ्या बाजूचा आवाज हरवला तर मोडेम एरवी सेकंद-दीड सेकंदात फोन ठेवून देतो, याच्यानं पाच सेकंद थांबतो. काही स्वस्त सॉफ्ट मोडेम ही सूचना ऐकून घेतात आणि करतात आपल्या मनाचंच.

माउस हलवला की इंटरनेट तुटतं. दुकानदार हसतो. — एक शिक्षक, बार्शी

हसू द्या, तुम्ही बरोबर आहात. तुमचा माउस जुना, नऊ पिनांचा, कॉम१ नावाच्या पोर्टवर असणार आणि आतला मोडेम कॉम३ वर. दोघांनाही आयआरक्यू ४ हीच एक बेल वाटून दिलेली असते. दोघं एकदम वाजवायला लागले की प्रोसेसर गोंधळतो. कॉम२ आणि कॉम४ चं असंच, तिथं आयआरक्यू ३. मोडेम कॉम२ वर आणा. जुन्या कार्डावर त्यासाठी जम्पर, म्हणजे पिनांवर बसवायची छोटी टोपी, असतो, आणि बायोसमध्ये बोर्डावरचा कॉम२ बंद करावा लागतो. किंवा गोल पिनेचा पीएस-टू माउस घ्या, बोर्डाला तसं भोक असेल तर.

लाईन ४८,००० वर लागते, खरखर अजिबात नाही, तरी रात्री नऊ ते अकरा पानं उघडतच नाहीत. — जुळे सोलापूर

मग दुखणं तुमच्या घरात नाही. पहाटे पाचला उठून तीच फाइल उतरवून बघा. ४८,००० ला आठानं भागा, सहा केबी येतात. प्रत्यक्षात साडेचार-पाच मिळाले तर तुमची तार उत्तम आहे आणि रात्री पुढचा रस्ता तुंबलेला असतो. पाइपात पाणीच कमी आलं तर नळ बदलून काय होणार? मोठ्या फाइली पहाटे, तुटलं तर तिथूनच पुढं उतरवणारा प्रोग्राम वापरून. पत्रं लाईन न लावता लिहून ठेवायची आणि एकदम पाठवायची.

पासवर्ड दिल्यावर फार वेळ ताटकळत असाल तर डायल-अपच्या ‘सर्व्हर टाइप्स’मध्ये ‘लॉग ऑन टू नेटवर्क’, ‘नेटबुई’ आणि ‘आयपीएक्स’ यांच्या खुणा काढा. फक्त टीसीपी/आयपी राहू द्या.

आमच्या गावात एकच फोन, छपरावर अँटेना आणि सोलर प्लेट आहे. सोसायटीत कॉम्प्युटर आलाय. त्याच्यावर इंटरनेट लागंल का? — अक्कलकोट तालुका

खरं सांगायचं तर, लागण्यासारखं नाही. तो फोन तारेवरचा नाही, रेडिओवरचा आहे, एमएआरआर म्हणतात त्याला. त्याच्या काही योजनांत दोन चॅनेलांवर पंधरा गावं असतात. तुम्ही तासभर इंटरनेट धरून बसलात तर कुणाच्या तरी घरचा बाळंतपणाचा निरोप अडतो. आणि बोलणं नीट पोचतं म्हणून मोडेमचं पोचेल असं नाही. मोडेम त्या आवाजाच्या पट्टीचा कोपरा न्‌ कोपरा वापरतो, रेडिओवर ते कोपरे गळतात. वेग मुद्दाम अगदी खाली ओढून एखादं पत्र गेलं तर गेलं. सोसायटीचं काम फ्लॉपीवर घ्या आणि आठवड्यातून एकदा अक्कलकोटला जाऊन पाठवा. तारेची केबल गावात येईल तेव्हा मला पुन्हा लिहा.

पाऊस सुरू झाला की खरखर, ऊन पडलं की लाईन चांगली. तक्रार करून माणूस येईपर्यंत सगळं ठीक असतं. — मुरारजी पेठ

ओला जोड. डीपीपासून, म्हणजे खांबावरच्या टेलिफोनच्या डबीपासून, तुमच्या घरापर्यंतच्या तारेत कुठंतरी टेप सुटलेली असणार. टेस्ट डेस्कवर मी रोज हे बघायची : पावसात इन्शुलेशन घसरलेलं दिसायचं आणि दुपारच्या उन्हात काटा परत जागेवर. म्हणून तक्रार पाऊस पडत असतानाच नोंदवा आणि ‘पावसात खरखर, उन्हात बंद’ हे शब्द लिहून घ्यायला सांगा. लाईनमनला मग खांब ते खिडकी एवढंच बघावं लागतं. खिडकीजवळ कूलर असेल तर तिथं पहिल्यांदा बघा. माझ्या स्वतःच्या घरी एप्रिलभर खरखर होती आणि पाऊस तर नव्हताच. कूलरच्या गवताच्या जाळीतून पाणी ठिबकत होतं, ते थेट जोडावर. मी, टेस्ट डेस्कवरची बाई, तीन आठवडे आकाशाकडे बघत बसले होते.

आणि वीज. गेल्या वर्षीच्या वळवात कडाडायला लागलं तेव्हा मी शहाण्यासारखी कॉम्प्युटरची पिन काढली आणि टेलिफोनची वायर मोडेममध्ये तशीच ठेवली. सकाळी मोडेमला जळक्या रबराचा वास. कार्ड बाहेर काढलं तर एका चिपच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा. स्पाइक बस्टर लाईटच्या वायरीवर पहारा करतो. वीज आली टेलिफोनच्या तारेतून. आता ढग दिसले की आधी ती काढते.

अक्का, इंटरनेट लागताना मोडेम ओरडतो ते काय बोलतो? बाबा तो आवाज बंद करून ठेवतात. — इयत्ता सहावी, साखर पेठ

बाळा, या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझा.

पहिल्यांदा गुरगुर, तो डायल टोन. मग टिक्‌टिक्‌ सूर, ते नंबर. मग पलीकडची घंटी, आणि मग एक लांब, सरळ, शिट्टीसारखा सूर. तो २,१०० हर्ट्‌झचा. पलीकडचा मोडेम म्हणतो, मी माणूस नाही, मोडेम आहे. त्याच सुरानं वाटेतली प्रतिध्वनी दाबणारी यंत्रंही बाजूला होतात, कारण माणसांच्या बोलण्याला ती मदत करतात आणि मोडेमला अडवतात. त्यानंतर दोघं एकमेकांना विचारतात, तुला कुठली पद्धत येते? मग वेगवेगळे सूर सोडून तार तपासतात, कुठला सूर नीट पोचतो, कुठला वाटेत विरतो. मी बोर्डावर असताना मुंबईच्या ऑपरेटरला ‘हॅलो, ऐकू येतंय का, वन-टू-थ्री’ म्हणायची, तसंच हे. शेवटी जी जोराची खरखर येते ती खरखर नसते. ते दोघांचं बोलणं सुरू झालेलं असतं. इतकं भराभर की आपल्याला ते धबधब्यासारखं वाटतं, आणि तेवढ्यात स्पीकर बंद होतो.

आता बाबांसाठी. तो आवाज बंद ठेवू नका. सेटिंगमध्ये एम० असेल तर एम१ करा. चांगल्या दिवशी तो गजर कसा वाजतो ते दहा वेळा ऐकून घ्या. शेवटची खरखर सुरू होऊन मध्येच थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून शिट्ट्या आल्या, असं दोन-तीनदा झालं, तर मोडेम वेग कमी करत खाली उतरतोय. त्या दिवशी कनेक्शन तोडा, फोन उचला, दोन दाबा आणि ऐका. पोराला ऐकायला द्या, लहान कानांना चर्र लवकर कळते.